पाण्यातला सव्वा तास: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी, शनिवार

गेल्या वर्षी मी सर्फिंगसाठी एकूण नऊ वेळा पाण्यात उतरले. वही काढून मोजलं, पुन्हा मोजलं, तरी नऊच. मुलं होण्याआधी एवढं एका महिन्यात व्हायचं. ७ फूट २ इंचांचा बोर्ड दाराआड उभा आहे आणि त्याच्यावरच्या मेणात धूळ बसून ते काळं पडलंय. आज ते खरवडून काढलं.

कामावर मी प्रकल्पांच्या नोंदी ठेवते. काय ठरलं, काय झालं, का अडलं, तारखेसह. तीच पद्धत इथे लावून बघणार आहे. मुदत जूनअखेर, उद्दिष्ट २४ वेळा. अटी तीन. मूल आजारी असेल तर जायचं नाही. मी जितके तास घेईन तितकेच तास नवऱ्याला त्याच्या सायकलसाठी मोकळे मिळायला हवेत. आणि घरी परतल्यावर थकले म्हणून आडवं व्हायचं नाही, निदान दुपारपर्यंत.

आधी वेळेचा हिशोब मांडला. किनारा ४० मिनिटांवर. जाणं-येणं ८० मिनिटं. बोर्ड गाडीवर बांधणं, सोडणं, कपडे बदलणं, धुणं, सगळं धरून ३५. म्हणजे सव्वा तास पाण्यात राहायचं तर घरातून तीन तासांहून जास्त वेळ मी गायब. हा आकडा नवऱ्याला दाखवला. आजवर मी ‘दीड तासात येते’ म्हणून निघायचे आणि दर वेळी उशिरा यायचे. तेही आज कबूल केलं. सध्या ठरलेली वेळ अशी: दर शनिवारी सकाळी ६ ते ७:३० पाण्यात, ९ च्या आत घरी.

११ जानेवारी, शनिवार. पाण्यात: १

भरती ६:१० ला. पाणी इतकं चढलेलं की वाळूच्या दांड्यावर लाट फुटतच नव्हती, नुसती फुगून पुढे सरकायची आणि थेट काठावर आदळायची. सव्वा तासात दोन लाटा, त्याही अर्ध्या.

घरी आले ती चिडून. लेकीने काहीतरी विचारलं तर तिच्यावर तोंड टाकलं. ही नोंद मुद्दाम करतेय. पाण्यात जायला मिळालं नाही की माझी चिडचिड होते असं मी नेहमी म्हणते. आज तर जाऊनही चिडले, आणि भोगलं तिने.

१३ जानेवारी, सोमवार

दुपारच्या सुट्टीत कागद-पेन्सिल घेऊन बसले.

आमच्या ठिकाणी लाट चांगली फुटते ती पाणी चढताना, ओहोटीनंतर दीड-एक तासापासून पुढचे दोन तास. ओहोटीच्या तळाला लाट सगळी एकदम कोसळते, कडेने सरकायला जागाच राहत नाही. पूर्ण भरतीला शनिवारसारखी गत. याला कारण आहे: पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट झाली की लाट फुटते. मीटरभर उंच लाट सव्वा मीटर पाण्यात. दांड्यावर अडीच मीटर पाणी असेल तर ती त्याला न जुमानता पुढे जाणार.

आता भरती-ओहोटी. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं. म्हणून भरती रोज जवळजवळ ५० मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत ती पावणेसहा तासांच्या थोडी वर सरकते. म्हणजे या शनिवारी सकाळी सहाला भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी! आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा भरती, फक्त ४० मिनिटं आधी.

इतकी वर्षं समुद्रावर जाते, उधाणाची मोठी आणि भांगाची छोटी भरती तोंडपाठ आहे, पण ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जाणाऱ्या माणसाला याचा काय अर्थ आहे, हे कधी कागदावर मांडलंच नव्हतं. माझे शनिवार दोन जातींचे आहेत, एकाआड एक. सध्या दोन्ही जाती वाईट. पण दर पंधरवड्याला वेळ ४० मिनिटं अलीकडे येते, म्हणजे ओहोटीवाले शनिवार हळूहळू सुधारत जाणार. १८ जानेवारीला ओहोटी ५:५० ला. १ फेब्रुवारीला ५:१०. १५ फेब्रुवारीला ४:३०, आणि तो दिवस माझ्या वेळेत नेमका बसतो. प्रत्यक्षात दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतील, पण दिशा हीच.

१५ फेब्रुवारीवर गोल केला.

१८ जानेवारी, शनिवार. पाण्यात: २

कागदावर होतं तसंच. लाटा भिंतीसारख्या पडत होत्या. पडायची सवय पुन्हा झाली, एवढंच. पण आज चिडले नाही, कारण काय मिळणार ते माहीत होतं.

२३ जानेवारी, गुरुवार

मुलं झोपल्यावर लाटांचा अंदाज उघडून बसले. दोन दिवस शेजारी शेजारी होते. एकावर उंची १.५ मीटर आणि पीरियड, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ, ६ सेकंद. दुसऱ्यावर १ मीटर, १४ सेकंद. पूर्वी मी उंचीच बघायचे आणि पहिला दिवस निवडायचे. पण लाटेतून वाहणारी शक्ती उंचीच्या वर्गाला पीरियडने गुणून तोलता येते. पहिल्याचं येतं १३.५, दुसऱ्याचं १४. ताकद जवळजवळ सारखी, आणि तरी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. सहा सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याने उठवलेली, खोल पाण्यात तिची लांबी ५६ मीटरच्या आसपास. चौदावाली दूरच्या वादळातून आलेली, ३०० मीटरहून लांब. ती दीडशे मीटर खोलीपासूनच तळ ओळखायला लागते, वळते, रांगेत येते. पाण्यात बसलेल्याला कळतं: सेट येतो, म्हणजे लागोपाठ काही मोठ्या लाटा, मग शांतता, मग पुन्हा सेट. हात मारून आत जायला त्या शांततेत वाट मिळते. सहा सेकंदांच्या दिवशी ती मिळत नाही, निम्मा जीव आत पोहोचण्यातच जातो.

नोकरी आणि घर असलेल्या माणसासाठी त्याहून मोठी गोष्ट दुसरीच आहे. लांब पीरियडची लाट आगाऊ सूचना देते. खोल समुद्रात लाटांचा जथा पीरियडच्या ०.७८ पट वेगाने जातो, मीटर दर सेकंदाला. १४ सेकंद म्हणजे ताशी ३९ किलोमीटर. वादळ दोन हजार किलोमीटरवर असेल तर लाट पोहोचायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ. ते दोन दिवस माझे. त्या वेळात विचारता येतं, अदलाबदल करता येते, मीटिंग हलवता येते. सहा सेकंदांवाली लाट रात्री वारा सुटला म्हणून सकाळी हजर, तिच्यासाठी घर उलटंपालटं करावं लागतं.

हे सगळं माणसाला किती उशिरा कळलं याचं मला नेहमी नवल वाटतं. लाटांचा अंदाज बांधायची रीत हाराल्ड स्वेर्द्रुप आणि वॉल्टर मुंक या समुद्रशास्त्रज्ञांनी बसवली ती दुसऱ्या महायुद्धात, सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं होतं म्हणून. १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईसाठी तीच रीत वापरली गेली. पुढे १९६३ मध्ये मुंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रं लावली आणि दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा अख्खा पॅसिफिक ओलांडून अलास्काच्या किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांचा माग काढला. दहा हजार किलोमीटरहून जास्त प्रवास! स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी जे दोन आकडे वाचते, त्यांच्यामागे एवढं आहे.

२५ जानेवारी, शनिवार

धाकट्याला ताप. गेले नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. पाण्यात: ५

मधल्या दहा दिवसांत ठरलेली वेळ सोडून मी चांगल्या दिवसाच्या मागे गेले. २८ तारखेला, ३१ ला आणि परवा ४ ला. तिन्ही वेळा रात्री उशिरा सांगितलं की उद्या पहाटे निघतेय. तिन्ही वेळा लाटा सुरेख होत्या. तिन्ही वेळा सकाळची सगळी आवराआवर, दोघांना शाळेत सोडणं, धाकट्याचं रडणं, नवऱ्याने एकट्याने केलं.

काल रात्री तो म्हणाला, “समुद्र कधी चांगला असेल हे तुझ्या हातात नाही, ते मला कळतं. पण मग आम्ही तिघांनी त्याच्याच वेळेवर राहायचं का?”

मला उत्तर सुचलं नाही. बाजू मांडायला लागले आणि दोन वाक्यांतच थांबले, कारण तो बरोबर होता. ठरलेली वेळ घेतली तर लाटांचा भरवसा नाही. लाटांच्या मागे गेलं तर घराला माझा भरवसा नाही. मी फक्त पहिल्या भागाचा विचार करत होते.

बसून ठरवलं ते असं. पंधरवड्यात एक ठरलेली सकाळ, आणि एक फिरती. फिरती सकाळ हवी असेल तर दोन रात्री आधी, नऊच्या आत सांगायचं. नऊ वाजून गेले की ती गेली, मग समुद्र कसाही असो. तिच्या बदल्यात त्याला तशीच एक सकाळ, त्याने मागायची वाट न बघता. आणि शाळेची तयारी मी आदल्या रात्री करून ठेवायची.

दोन रात्रींची अट त्याने घातली. मी लगेच हो म्हटलं, कारण चौदा सेकंदांची लाट तेवढी मुदत देते. सहा सेकंदांवाल्या मात्र आता माझ्यासाठी नाहीत. त्या सोडल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार. पाण्यात: ६

वहीत गोल केलेला दिवस.

उजाडताना पोहोचले. जमिनीवरून समुद्राकडे वारा, अगदी हलका. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते म्हणून पहाटे वारा असा वाहतो. ऊन तापलं की उलटतो आणि लाटांची तोंडं विस्कटतात. पाणी चढत होतं. लाटा छातीएवढ्या, पीरियड १३.

तिसऱ्या सेटमधली दुसरी लाट. दोन हात जास्त मारले, बोर्डाची शेपटी उचलली गेली, उठले, आणि आधी खाली न बघता डावीकडे बघितलं. समोर पाण्याची हिरवट भिंत उभी राहत चालली होती आणि मी तिच्या पुढे पुढे. गुडघे आपोआप मऊ झाले. किती वर्षांनी.

चौदा लाटा. गाडीत बसून मोजलं: सरासरी सात सेकंद धरले तर सव्वा तासात लाटेवर मी उभी होते ती जेमतेम दीड मिनिट. सर्फिंग करणाऱ्यांच्या हालचाली मोजून केलेले अभ्यास आहेत, त्यांतही असंच दिसतं: साधारण निम्मा वेळ हात मारण्यात, बराचसा बसून वाट बघण्यात, आणि लाटेवरचा वेळ शंभरात दहाच्याही आत. दीड मिनिटासाठी तीन तास. लिहिताना आकडा विचित्र वाटतो. पाण्यात तसं एकदाही वाटलं नाही. वाट बघत बसण्याचा वेळही माझाच होता, कुणी हाक मारत नव्हतं, आणि क्षितिजावर रेघ गडद होतेय का एवढंच बघायचं होतं.

९ ला पाच मिनिटं कमी असताना घरी.

३ मार्च, सोमवार

परवाची ठरलेली सकाळही छान गेली (एकूण ७), पण चाळीस मिनिटांत खांदे भरून आले. निम्मा वेळ हात मारण्यात जातो, तर हातांचं काम कोरड्या दिवसांत करायला हवं. दुपारच्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा तलाव: २५ मिनिटं, फक्त फ्रीस्टाइल, थोडं जोरात, थोडं सावकाश. रात्री जमिनीवर पालथं पडून झटक्यात उभं राहायचं, दहा वेळा. लेक मोजते आणि पाय कुठे पडला ते सांगते. “आई, मागचा पाय वाकडा.” ती बरोबर सांगते. धाकटा माझ्या पाठीवर बसतो, त्यामुळे शेवटचे दोन जास्त जड जातात.

८ मार्च, शनिवार. पाण्यात: ८

ही नोंद नीट लिहायची आहे.

रात्री धाकटा तीनदा उठला होता. झोप चार तासही नाही. भरती ३:३० ला होऊन गेलेली, मी पोहोचले तेव्हा पाणी भराभर उतरत होतं. माझ्याच कागदाप्रमाणे हा वाईट शनिवार. पण फिरती सकाळ मागून घेतली होती, वाया घालवायची नव्हती म्हणून उतरले.

दांड्याच्या डाव्या बाजूला एक पट्टा होता, पाणी गडद, लाटा फुटत नव्हत्या. आत जायला सोपी वाट म्हणून तिथूनच गेले. तो परतीचा ओढा होता. किनाऱ्याकडे साचलेलं पाणी दांड्यातल्या खिंडीतून बाहेर पडतं तो. पाणी उतरताना त्याचा जोर वाढतो. जाताना मदत झाली. मग लक्षात आलं की मी बसून असूनही किनाऱ्यावरचं माझं निशाणीचं झाड लहान होत चाललंय.

पहिली दोन-तीन मिनिटं मी चूक केली, सरळ किनाऱ्याकडे हात मारले. एक इंच पुढे नाही, खांदे संपले. मग थांबले. बोर्डावर पालथी पडून श्वास घेतला. ओढा माणसाला खाली खेचत नाही, फक्त बाहेर नेतो, आणि बोर्ड हातात आहे तोवर बुडायचं कारण नाही. हे मला वीस वर्षं माहीत आहे, आणि तरी झोप नसलेल्या डोक्याला ते आठवायला तेवढी मिनिटं लागली. मग किनाऱ्याला समांतर, लाटा फुटत होत्या त्या बाजूला सरकत गेले आणि फेसावर पालथीच बाहेर आले.

नवऱ्याला सगळं सांगितलं. न सांगण्याचा मोह झाला होता. त्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “किती वाजेपर्यंत तुझा फोन आला नाही तर मी हालचाल करायची?” आजवर याचं उत्तर आम्ही ठरवलेलंच नव्हतं. आता ठरलं: पावणेआठ. तोवर पाण्याबाहेर येऊन फोन करायचा, लाटा कितीही चांगल्या असल्या तरी. पाच तासांच्या खाली झोप असेल तर उतरायचं नाही. पाण्यात ओळखीचं कुणी नसेल तर उतरायचं नाही. मागून घेतलेली सकाळ वाया गेली तर जाऊ दे.

चौथी अट म्हणून पहिल्या पानावर लिहिली.

२१ मार्च, शुक्रवार. पाण्यात: ९

सोमवारी, १७ ला, फिरती सकाळ घेतली होती. ओहोटी ४:५० ला, १४ सेकंद, सगळं जुळलेलं. घरचंही जुळलेलं. जुळलं नव्हतं ते ऑफिस. नऊच्या बैठकीला वीस मिनिटं उशिरा पोहोचले आणि रस्त्यात अडकले म्हणून सांगितलं.

ते खोटं आठवडाभर टोचत राहिलं. घरी सगळं उघड ठेवायचं आणि कामावर लपवायचं, हे जमेना. आज मॅडमच्या खोलीत गेले आणि खरं काय ते सांगितलं. हेही सांगितलं की महिन्यातून एक-दोनदा मला सकाळी तासभर उशिरा यायचंय, तो तास मी त्याच संध्याकाळी भरून देईन. त्या क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “दोन दिवस आधी कळवा, म्हणजे नऊची बैठक लावणार नाही.”

पुन्हा दोन दिवस. सगळ्यांना तेवढेच हवे असतात.

३० मार्च, रविवार. पाण्यात: १०

पंधरवड्याला ४० मिनिटं अलीकडे येणारी वेळ आता हातची निघून चाललीय. काल, शनिवारी, ओहोटी २:३० ला होती. सहा वाजता म्हणजे पाणी जास्तच चढलेलं. पण एका दिवसाने भरती-ओहोटी ५० मिनिटं उशिरा येते. म्हणून नवऱ्याशी वार बदलला: त्याची सायकल शनिवारी, माझं पाणी रविवारी. आज ओहोटी ३:२० ला, आणि सात वाजेपर्यंत दांडा छान चालला. या अदलाबदलीने मला आणखी काही चांगल्या सकाळी मिळाल्या. त्याला काहीच फरक पडला नाही, आणि त्याच्याही सोबत्यांना शनिवारच सोयीचा निघाला.

तीन महिन्यांत दहा. २४ होणार नाहीत. २४ हा आकडा आज खोडला. त्याच्या जागी नवीन आकडा लिहिलेला नाही.

१९ एप्रिल, शनिवार. पाण्यात: १२

नवऱ्याने आज सायकल सोडली आणि सगळेच गेलो. ओहोटी ७:४० ला, आम्ही नऊला पोहोचलो. पुळण सपाट आणि रुंद उघडी पडलेली, लाटा गुडघाभर, पीरियड ८. माझ्यासाठी काही नाही. पण बाहेर फुटलेल्या लाटेचा फेस त्या उथळ पाण्यावरून सावकाश, लांबवर येत राहतो, आणि आठ वर्षांच्या मुलीला नेमकं तेच हवं असतं. वाईट म्हणून जानेवारीत ज्यांच्यावर काट मारली, ते शनिवार तिचे आहेत, हे मला आज कळलं.

नियम: पाणी तिच्या कमरेच्या वर नाही. एक मोठं माणूस तिच्या हाताशी, दुसरं धाकट्याजवळ, आणि दोघांपैकी कुणाच्याही हातात फोन नाही. मऊ फोमचा बोर्ड उसना आणला होता. पहिल्या दहा लाटा नुसतं पालथं पडून. हातांवर उठायची घाई तिलाच होती, मी थांबवत राहिले. अकरावीला ती गुडघ्यांवर आली, मग एकेक पाय. मोजायचं सुचलं नाही. दोन सेकंद असतील, तीनही असतील. मागे वळून तिने बघितलं, मी बघितलं का ते, आणि पडली.

“आई, मागचा पाय सरळ होता?”

होता.

मग नवऱ्याने मला चाळीस मिनिटं दिली आणि मी बाहेर जाऊन गुडघाभर लाटांत बसून आले. बारावी नोंद म्हणून ती धरली आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

परवा, रविवारी, १५ सेकंदांचा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून येणाऱ्या लाटांचा जथा, पोहोचतोय. या वर्षातला आतापर्यंतचा सगळ्यात मोठा. आणि याच रविवारी नवऱ्याची वर्षातली सगळ्यात लांब सायकलफेरी, दोन महिन्यांपूर्वी ठरलेली. मुलांजवळ मी.

विचारलं नाही. त्याने स्वतःहून अंदाज बघितला होता, मला दाखवून म्हणाला, “हे चांगलं आहे ना?” मी हो म्हटलं, आणि त्याच्या सायकलच्या दिव्याला चार्जिंगला लावून दिलं.

लांब पीरियडच्या लाटा आधी येतात, आखूड मागाहून. म्हणजे मंगळवारपर्यंत उंची उतरलेली असेल आणि पीरियड बाराच्या आसपास आलेला. ओहोटी ३:४० ला, सहाला पाणी चढत असेल. मंगळवारची फिरती सकाळ हवी असं नवऱ्याला तेव्हाच सांगून ठेवलं, रविवारी रात्री नऊच्या आत पुन्हा नक्की करेन. मॅडमना दुपारी कळवलं. मंगळवारी नऊची बैठक नाही.

लीशचा, म्हणजे बोर्ड पायाला बांधायच्या दोरीचा, पट्टा घोट्याजवळ उसवत आलाय. तो उद्या बदलायचा.